बाबांच्या पिकअपचं इंजिन मीच बांधू का?

प्रश्न: पत्रलेखक 31 वर्षांचे आहेत. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गावात खतं-औषधांचं दुकान चालवतात, घरची चार एकर शेती आहे. वडिलांनी 2006 साली घेतलेला महिंद्राचा पिकअप दारात उभा आहे. इंजिन 2523 सीसीचं, डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), टर्बो नाही. टोमॅटोच्या हंगामात हीच गाडी मार्केटला जायची. दोन वर्षांपासून निळसर धूर मारते, ऑइल खाते, चढाला ओढत नाही. गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून ‘इंजिन बसलंय, सत्तर हजार धरून चाला’ असं सांगितलं. धाकट्या भावाचं म्हणणं, भंगारात घाला आणि हप्त्यावर नवी घ्या. वडील यावर काहीच बोलत नाहीत. पत्रलेखकांनी आजवर ऑइल आणि फिल्टर बदललेत, एकदा क्लचची केबल टाकलीय. व्हिडिओ मात्र पुष्कळ पाहिलेत. इंजिन स्वतः उतरवून, स्वतः बांधून, येत्या हंगामाआधी गाडी रस्त्यावर आणायची असं त्यांच्या मनात आहे. पत्नीला हा वेडेपणा वाटतो. ते विचारतात, ‘शिकाऊ माणसाला हे जमण्यासारखं आहे का? की हात घालून आहे तीही गाडी घालवून बसेन?’

उत्तर:

जमण्यासारखं आहे. घरी बसून शिकायला यापेक्षा साधं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन शोधूनही सापडायचं नाही. पण तुमच्या पत्रात बऱ्याच गोष्टी आधीच ठरून गेल्यात, आणि पहिल्याच गोष्टीला माझी हरकत आहे. इंजिन बसलंय हे ठरवलं कुणी? बोनेट उघडून, एकदा रेस करून, धूर बघून जो निकाल दिला तो अंदाज झाला, तपासणी नव्हे. तुम्ही त्या अंदाजावर इंजिन खाली उतरवायला निघालात.

तुमच्या तक्रारी एकेक करून बघा. चढाला ओढत नाही. बरं, पण इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढीच राहते, असं होतं का? तसं असेल तर क्लच प्लेट घसरतेय, इंजिनाचा त्यात दोष नाही. आवाजही वाढत नाही, नुसतं गुदमरतं आणि काळा धूर येतो, तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आधी बघायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय हे खरं. मात्र ते वरून व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) उतरतंय की खालून पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून चढतंय, यावर खर्च अवलंबून आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन मग कमी होत असेल तर संशय हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावर. लोड घेताना सतत येत असेल आणि ब्रीदरच्या (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातूनही धूर फुसफुसत असेल, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक. हेडचं काम गाडीतच होतं, इंजिन उतरवावं लागत नाही. शिवाय ऑइल ‘खाते’ म्हणताना ते मागच्या सीलमधून गळत तर नाही ना, हे रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून सकाळी बघा.

हे झालं नुसत्या डोळ्यांचं काम. पुढची पायरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजायची. नॉझल काढून त्या जागी डिझेलचं गेज बसवतात (पेट्रोल गाडीचं गेज चालत नाही, फुटेल), डिझेल तोडणारी स्टॉपची केबल ओढून ठेवतात आणि स्टार्टर मारतात. अशा इंजिनात चांगलं कॉम्प्रेशन चौरस सेंटिमीटरला साधारण 25 ते 30 किलोच्या घरात असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. एका आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. तीन सारखे आणि एक पडलेला असेल तर अख्खं इंजिन झिजलेलं नाही, त्या एका सिलिंडरमध्ये काहीतरी बिघडलंय. त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना आणा, गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा, हात पंख्यापासून लांब ठेवा आणि नॉझलच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. मग कान लावा. ऑइल भरायच्या तोंडातून हवा येत असेल तर रिंगा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. ही चाचणी शिकाऊ माणूस एका दुपारी करू शकतो आणि तिच्यानंतर गॅरेजवाल्याशी बोलायची तुमची भाषाच बदलते.

याच टप्प्यावर वडिलांशी बोला. ते गप्प आहेत त्याचा अर्थ मी लावणार नाही. पण या इंजिनाचा इतिहास त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही, तेव्हा गाडी ठेवायची का विकायची हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना सरळ माहिती विचारा. पूर्वी कधी बोअर झालंय का, म्हणजे सिलिंडर कापून मोठं केलंय का? क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) घासलाय का, कुठं घासला? कधी गरम होऊन पाणी फेकलं होतं का? गाडी एकदा दणकून तापली असेल तर हेड वाकलेलं असण्याची शक्यता आधीच धरावी लागते. अशी माहिती कुठल्या व्हिडिओत मिळत नाही.

आता समजा, चाचणीत कळलं की चारही सिलिंडर खाली आहेत, ब्रीदर धूर ओकतोय, इंजिन उघडावंच लागणार. तर ‘स्वतः बांधणार’ म्हणजे काय काय स्वतः करणार, ते कागदावर लिहून काढा. व्हिडिओत हा भाग पटकन पळवतात. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला मिस्त्रीसुद्धा बोअरिंग, स्लीव्ह (सिलिंडरमधली नळी) बसवणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं, हे घरी करत नाही. तो ब्लॉक आणि क्रँक मशीनवर पाठवतो. डिझेलचा पंप उघडत नाही, डिझेल लॅबमध्ये टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशनला देतो. तुम्हीही तेच करायचं आणि त्यात कमीपणा नाही. तुमच्या वाट्याला उरतं ते उतरवणं, उघडणं, धुणं, खुणा करणं, नोंदी ठेवणं आणि बांधणं. यातलं सगळ्यात अवघड काम पाना फिरवण्याचं नाही, खुणा आणि नोंदींचं आहे. दुकानात उधारीची वही नीट ठेवणाऱ्या माणसाला ते जमायला हवं.

हे इंजिन साधं का, तेही सांगते. बोअर 88.9 मिलीमीटर, स्ट्रोक 101.6. इंचात बघाल तर साडेतीन बाय चार, बरोबर. मिलीमीटरच्या जमान्यात इतके गोल इंच आले कारण याचा वंश ट्रॅक्टरचा. महिंद्रानं 1963 साली अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर सुरू केले आणि त्या घराण्यातलं हे डिझाइन पुढे जीप-पिकअपमध्ये आलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम ब्लॉकमध्ये, त्याचा धक्का वर नेणारे पुश रॉड आणि रॉकर, टायमिंगला गिअर. बेल्ट नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. याचा तुम्हाला थेट फायदा असा, की निफाड-दिंडोरीत जुने ट्रॅक्टर बांधणारा कोणीही वयस्कर फिटर हे इंजिन ओळखतो. असा एक माणूस आधी गाठा. त्याला रोज बोलवायचं नाही. क्रँक बसवायच्या दिवशी, हेड कसायच्या दिवशी आणि पहिल्या स्टार्टला त्यानं शेजारी उभं राहायचं, त्याचे पैसे आधी ठरवायचे आणि ते द्यायचे. चहावर भागवू नका. कोणी ओळखीचं नसेल तर जवळच्या आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ ट्रेडच्या निदेशकांना भेटा, ते चांगला फिटर सुचवतील.

उघडताना मी एकाच गोष्टीचा हट्ट धरते, घाई न करण्याचा. मेन बेअरिंगच्या आणि (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या) कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकींना बदली चालत नाहीत. जिची जागा तिचीच. खोलण्याआधी सेंटर पंचनं रॉडवर आणि टोपीवर एकाच बाजूला ठिपके मारा, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमानं खोचा, पुठ्ठ्यावर ‘रेडिएटरकडची बाजू’ असं लिहा. टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळवून फोटो काढा आणि मगच हात लावा. पंप काढण्याआधी त्याच्या फ्लँजवर आणि ब्लॉकवर मिळून एक रेघ ओढा.

मग बेअरिंगचा एक कप हातात घ्या आणि उजेडात धरा. चांगल्या बेअरिंगचा आतला थर करडा, एकसारखा, मऊ चमकीचा दिसतो. झिजलेल्यात त्या करड्यातून खालचा तांबूस रंग डोकावतो, बहुतेक वेळा मधोमध किंवा एका कडेला. कडेला असेल तर रॉड वाकल्याची शंका घ्यायची. नख आडवं फिरवा. अडकलं तर क्रँकवरही तशीच रेघ असणार. आता कप उलटा करा. पाठीवर बारीक अक्षरांत साइज कोरलेला असतो, स्टँडर्ड किंवा 0.25, 0.50, 0.75. मघाशी वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या पाठीवर लिहिलेलं सापडेल. तिथे 0.75 दिसलं तर क्रँक आधीच बराच घासला गेलाय. आणखी एकदा घासायला जागा उरलीय का, आणि त्यापुढच्या साइजचं बेअरिंग बाजारात मिळतं का, हे विचारल्याशिवाय एक पैसाही पुढे टाकू नका.

ब्लॉक मशीनवर नेलात की तिथल्या माणसाला बोअर तुमच्यासमोर मोजायला सांगा. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगेच्या जागी असते. आकडे वहीत लिहा. नवे पिस्टन विकत घेऊन त्याच्या हातात द्या आणि मगच बोअर आणि होनिंग (आतून बारीक घासणं) करायला सांगा, कारण बोअर पिस्टनच्या मापानं होतो. रिंगा आल्या की पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग नुसती बोअरमध्ये सरकवा, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि फिलर गेजनं (मापाच्या पातळ पात्यांनी) तिच्या तोंडाची फट मोजा. या मापाच्या बोअरला ती साधारण 0.3 ते 0.5 मिलीमीटर असावी. पक्का आकडा पुन्हा मॅन्युअलचाच. फट फारच कमी निघाली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. अनेक गॅरेजांत रिंगा डब्यातून थेट पिस्टनवर जातात. तुम्हाला कुणाची गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची नाही, तेव्हा मोजा.

हाफ इंजिनचा पर्याय गॅरेजवाला सुचवेलच. जुन्या बाजारातून ब्लॉक-क्रँक-पिस्टन तयार आणून टाकायचं. स्वस्त आणि झटपट, खरं आहे. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही, आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या ब्लॉकची कागदपत्रं नसतील तर तो कुठल्या गाडीतून आला हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. तुमचाच ब्लॉक दुरुस्त केलात तर यातलं काहीच नाही. या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

पैशाचं बोलू. तुमच्या पत्रात असा सूर आहे की स्वतः केलं तर निम्म्यात होईल. होणार नाही. अशा कामाच्या बिलात पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, मशीनचं काम, पंप-नॉझल, ऑइल, हा मोठा हिस्सा असतो आणि तो कुणीही बांधलं तरी तेवढाच लागतो. वाचते ती फिटरची मजुरी, आणि त्यातली बरीचशी टॉर्क पाना, सॉकेट सेट, रिंग कॉम्प्रेसर आणि भाड्याची चेन पुली यांत जाते. इंजिन उतरलंच आहे म्हटल्यावर क्लच प्लेट, मागचं सील आणि वॉटर पंप बदलायचा मोह होईल, आणि तो रास्त आहे. तेव्हा पैसे वाचवायला हे करत असाल तर करू नका. शिकायचं असेल, स्वतःची गाडी आतून कळायला हवी असेल, तर जरूर करा, आणि पत्नीलाही हेच कारण सांगा. ‘स्वस्तात होतंय’ असं सांगून सुरू केलंत तर पहिल्या बिलालाच भांडण ठरलेलं.

भावाचं म्हणणं तुम्ही दोन ओळींत उडवून लावलंय. मला ते तितकं हलकं वाटत नाही. इंजिन हा गाडीचा एक भाग. चेसिसला गंज कुठवर पोचलाय? केबिनच्या पायाखालचा पत्रा, स्प्रिंगांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकच्या नळ्या, हे बघितलंत का? हातोडीनं चेसिस ठोकत जा, जिथं आवाज बद्द येतो तिथं थांबा. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी गेल्या काही वर्षांत बरीच वाढलीय. ग्रीन टॅक्स वेगळा. फिटनेस संपलेला असेल तर आधी आरटीओत जाऊन किती थकलंय ते विचारा, मग इंजिनाचं बघू. उत्तम इंजिन बांधून ते रस्त्यावर न येऊ शकणाऱ्या गाडीत बसवण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही दोघा भावांनीही न मांडलेला एक पर्याय आहे, हंगामापुरती भाड्याची गाडी. दुकानाचा माल पुरवठादार पोचवतो आणि शेत चार एकरांचं, तर वर्षात पिकअप किती दिवस खरोखर फिरतो ते काढा. नव्या गाडीचा हप्ता बारा महिने जातो. कदाचित हिशेबात दोघंही हराल आणि भाड्याची गाडी जिंकेल. या वर्षी तर मी तुम्हाला तेच करायला सांगेन. टोमॅटो ऑगस्टपासून निघायला लागतो, आणि ‘हंगामाआधी’ ही तारीख डोक्यावर असलेला शिकाऊ माणूस शेवटच्या आठवड्यात नको त्या गोष्टी गाळतो. मशीनवाला तुमचा ब्लॉक ठरल्या दिवशी देणार नाही, हे तर धरूनच चाला. क्रेट भाड्याच्या गाडीतून जाऊ द्या, पिकअप शेडमध्ये सावकाश होऊ द्या.

शेडवरून आठवलं. हे इंजिन दोनशे किलोच्या वर भरतं. शेडच्या पत्र्याच्या अँगलला चेन पुली अडकवू नका, तो अँगल पत्रा पेलायला टाकलेला असतो. जाड पाइपची तिकाटणी किंवा गॅरेजची घोडी भाड्यानं आणा. लटकत्या इंजिनाखाली पाय जाता कामा नये, पाना पडला तर पडू द्या. नॉझल बाहेर काढून फवारा बघायचा असेल तर लॅबमध्येच बघा. तो चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपासच्या दाबानं सुटतो, बोटावर आला तर कातडी भेदून डिझेल आत जातं. दिसायला टाचणी टोचल्याएवढी जखम, आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी न थांबता थेट हॉस्पिटल गाठायचं.

बांधायच्या दिवसाबद्दल थोडंच, बाकी फिटर सांगेल. हेड बसवण्याआधी बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं नाही ना ते बघा, हवा मारून सुकवा. तळाशी पाणी राहिलं आणि वरून बोल्ट कसला तर ब्लॉकला तडा जातो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच. रिंगांवर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मॅन्युअलप्रमाणे.

पहिल्या स्टार्टला मात्र पूर्ण दिवस द्या. आधी स्टॉपची केबल ओढून ठेवून, थांबत थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. नव्या बेअरिंगवर ऑइल पोचण्याआधी इंजिन पेटता कामा नये. मग स्टॉप केबल खरंच पंप बंद करतेय का, ते हातानं लिव्हर हलवून तपासा. एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि इनटेकच्या तोंडाएवढी जाड सपाट फळी हाताशी ठेवा. पंपाच्या जोडणीत गडबड असली तर डिझेल इंजिन आपोआप रेस होत जातं, चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ती फळी तोंडावर दाबून हवा तोडायची. हाताचा तळवा किंवा फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. बहुतेक वेळा या फळीची गरज लागत नाही, तरी ती आणल्याशिवाय चावी फिरवू नका.

एकदा सुरू झालं की तासभर आयडलवर ठेवून कौतुक करत बसू नये. नव्या रिंगा बोअरला बसायला थोडा लोड लागतो, नुसत्या आयडलवर बोअर गुळगुळीत होऊन ऑइल खाणं तसंच राहतं. गळती बघा, पाणी बघा आणि गाडी रस्त्यावर काढा. मोकळी किंवा अर्ध्या मालाची, एकाच वेगात फार वेळ नाही, चढावर दाबून नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर गार झाल्यावर हेड पुन्हा कसा आणि टॅपेट पुन्हा बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर कापून कागद उन्हात उघडा. बारीक चांदीसारखी झाक असेल तर चिंता नाही, नव्या भागांची ती निघतेच. नखाला लागतील असे कण किंवा तांबूस चकत्या दिसल्या तर गाडी तिथेच थांबवा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोला आणि फिटरला बोलवा.